शत्रूची रेघ आणि हरिपुऱ्याचा रस्ता

प्रश्न : मी मूळचा अमळनेरकडचा. बरीच वर्षं झाली, सुरतेत पर्वत पाटियाला राहतो आणि रिंग रोडच्या एका कापड मार्केटात हिशेब लिहितो. रात्री जेवण झालं की मोबाइलवर परदेशी चित्रपट पाहायचा नाद लागला आहे. गेल्या आठवड्यात फिनलंडचा एक युद्धपट पाहिला, नाव ‘कॅस्की’. खालच्या इंग्रजी ओळी वाचत वाचत पाहिला, पण डोळ्यांसमोरून जात नाही. एक सैनिक शत्रुपक्षाच्या बाईला पकडून न्यायाधीशाकडे न्यायला निघतो आणि वाटेत दोघं एकमेकांत गुंततात. मला विचारायचं आहे की ही लढाई खरंच झाली होती का? बायका अशा बंदुका घेऊन लढल्या का? युद्धाच्या चित्रपटातलं प्रेम नेहमी वरून पेरलेलंच असतं का? आणि आपल्या मराठी माणसाच्या बाबतीत लढाईच्या धामधुमीत असं खरं प्रेम कुठे घडलं आहे का, ज्यावर चित्रपट निघाला? आई म्हणते, तानाजीच्या गोष्टीत होती ना कमलकुमारी! ती तरी खरी का?
– एक वाचक, पर्वत पाटिया, सुरत

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी आधी नकाशा काढला. मराठी माणसाबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो, घडलं आहे’ असं आहे, आणि त्या हकिकतीतला एक रस्ता तुमच्या पर्वत पाटियावरूनच जातो. त्याच्याकडे येतोच. पण तुम्ही फिनलंडपासून सुरुवात केलीत, तर तिथूनच निघू.

लढाई खरी आहे. फिनलंड शंभराहून अधिक वर्षं रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. १९१७ मध्ये रशियात क्रांती झाली, झार गेला आणि ६ डिसेंबर १९१७ रोजी फिनलंडने स्वातंत्र्य जाहीर केलं. त्याला दोन महिने होतात न होतात तोच, जानेवारी १९१८ च्या अखेरीस, हा नवा देश आपसांतच लढायला उभा राहिला. एका बाजूला ‘लाल’, म्हणजे कारखान्यातले मजूर, कुळं, भूमिहीन. दुसऱ्या बाजूला ‘पांढरे’, म्हणजे जमीनवाले शेतकरी, मध्यमवर्ग आणि नव्या सरकारचं सैन्य. पांढऱ्यांचा सेनापती मॅनरहाइम. एप्रिलच्या सुरुवातीला ताम्पेरे हे गिरण्यांचं शहर पांढऱ्यांनी घेतलं, त्यांच्या मदतीला जर्मन सैन्य उतरलं आणि मेच्या मध्यापर्यंत युद्ध संपलं.

साडेतीन महिन्यांचं युद्ध. पण त्यात आणि त्याच्या मागोमाग सुमारे ३८ हजार माणसं गेली, आणि तेव्हा देशाची लोकसंख्या होती जेमतेम ३१ लाख. त्यातले निम्म्याहून अधिक रणांगणावर मेलेच नाहीत. कुणाला पकडल्यावर भिंतीला उभं करून गोळ्या घातल्या, कुणी युद्ध संपल्यानंतर कैद्यांच्या छावण्यांत भुकेने आणि साथीच्या रोगांनी गेले. छावण्यांतल्या मृत्यूंचाच आकडा १२ हजारांच्या वर आहे. मारणारे आणि मरणारे एकच भाषा बोलणारे, एकाच चर्चमध्ये जाणारे. त्यामुळे त्या देशात पुढे कितीतरी वर्षं १९१८ बद्दल घरात मोठ्याने बोलायचीही चोरी होती.

बायकांचंही खरं आहे. लाल बाजूला बायकांच्या सशस्त्र तुकड्या होत्या आणि त्यांत दोन हजारांवर बायका होत्या. बहुतेक कोवळ्या वयाच्या, कारखान्यात किंवा लोकांच्या घरी कामाला असणाऱ्या. त्यांनी विजारी घातल्या आणि बंदुका घेतल्या, याचा राग पांढऱ्यांना त्यांच्या राजकारणापेक्षाही जास्त आला असावा, असं त्या काळाबद्दल वाचताना वाटत राहतं. पकडलेल्या कित्येकींना चौकशीशिवाय गोळ्या घातल्या गेल्या. तुम्ही पाहिलेला चित्रपट तिथूनच सुरू होतो.

‘कॅस्की’ म्हणजे हुकूम. आकू लोउहिमिएस या दिग्दर्शकाचा हा चित्रपट २००८ मध्ये आला, लेएना लांडर या लेखिकेच्या २००३ मधल्या कादंबरीवरून. त्यातला आरो, त्याच्या ताब्यातली मीना, तो लेखक असलेला न्यायाधीश ही सगळी कादंबरीतली माणसं. म्हणजे लढाई खरी, गोळ्या खऱ्या, प्रेम मात्र लेखिकेचं. तरी एक गोष्ट तुम्ही पुन्हा पाहाल तेव्हा लक्षात घ्या. आरोचा हट्ट एवढाच आहे की कैद्याला न्यायाधीशासमोर उभं केलंच पाहिजे. बाकीचे सैनिक तो हुकूम पाळत नाहीत, हा पाळायला जातो. होडी उलटते, दोघं एका ओसाड बेटावर अडकतात, आणि जी बाई काल कागदावर ‘लाल कैदी’ होती ती थंडीने कुडकुडणारी माणूस होते. आरोला तिथून पुढे हुकूमही पाळायचा आहे आणि तिला वाचवायचंही आहे. माझ्या मते चित्रपटाचं सगळं बळ या ओढाताणीत आहे. पुढचं सांगत नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी.

आता पेरलेल्या प्रेमाबद्दल. बहुतेक वेळा हो, पेरलेलंच असतं. लढाईचे कागद कशाकशाची नोंद ठेवतात? दाणागोटा किती, दारूगोळा किती, कोण पडलं, कोणाला इनाम मिळालं. कोण कुणासाठी रात्रभर जागलं, याची नोंद कोणी कारकून करत नाही. ती जागा मग कादंबरीकार भरतो, आणि कादंबरीतून ती पडद्यावर येते.

आईंची कमलकुमारी अशीच आली. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला, उदयभान किल्लेदार होता, दोघेही त्या लढाईत पडले. एवढा इतिहास. कमलकुमारी ही राजपूत स्त्री, उदयभानाने तिला पळवून गडावर आणणं, तिच्यावरची त्याची आसक्ती हे सगळं हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या १९०३ मधल्या कादंबरीतलं. तिला त्या काळच्या कागदांचा आधार नाही. पण हरिभाऊंनी ती इतकी जिवंत केली की बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला तो याच कादंबरीवरून, आणि तेव्हापासून कोंढाण्याच्या गोष्टीतून तिला कोणी बाहेर काढू शकलेलं नाही. आईंना सांगा, त्या चुकलेल्या नाहीत. शंभर वर्षं महाराष्ट्राने तिला खरंच मानलं आहे. (आणि तुम्ही सुरतेचे म्हणून आठवलं, कोंढाणा आला त्याच वर्षी, ऑक्टोबर १६७० मध्ये, शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर चालून आले होते.)

पेंटरांच्या त्या मूकपटात शेलारमामाचं काम एका तरुण पोराने केलं होतं. तो पोरगा म्हणजे व्ही. शांताराम. दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, त्यांनी प्रभातसाठी तीच गोष्ट बोलपटात केली, पुन्हा ‘सिंहगड’ याच नावाने. आणि आणखी तेरा वर्षांनी, १९४६ मध्ये, त्याच शांतारामांनी लढाईतल्या प्रेमाचा असा चित्रपट काढला की त्यातली नायिका कोणी कादंबरीकाराने रचलेली नव्हती. चित्रपट चालू होता तेव्हा ती चीनमध्ये आपलं चार वर्षांचं पोर वाढवत होती.

तो चित्रपट ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. म्हणजे चादरींच्या, गिरण्यांच्या गावचा मुलगा. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाला. पुढे शिकायचं, मोठा शल्यविशारद व्हायचं, एवढा सरळ बेत होता. तो मोडला कुठे, हे तुम्ही ऐकाल तर तुम्हाला गंमत वाटेल, कारण त्या मोडण्यात तुमचं मूळ खानदेश आणि तुमची आताची सुरत, दोन्ही आहेत.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन तुमच्या खानदेशातल्या फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. पुढच्याच वर्षी, जुलै १९३७ मध्ये, जपानने चीनवर मोठी चढाई केली. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते यांनी नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. आम्हाला औषधं द्या, डॉक्टर द्या. फेब्रुवारी १९३८ मध्ये पुढचं अधिवेशन पुन्हा खेड्यातच भरलं, आणि ते खेडं म्हणजे तुमच्या जिल्ह्यातलं हरिपुरा, बारडोलीच्या पुढे, कडोदजवळ, तापीच्या काठी. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. ५१ वं अधिवेशन म्हणून ५१ बैलांच्या रथातून त्यांची मिरवणूक निघाली. नंदलाल बोसांनी गावच्या माणसांची, सुतारांची, शिंप्यांची, ढोलकऱ्यांची चित्रं काढून मंडप सजवला. त्या चित्रांबद्दल लिहायला बसलो तर आजचं सदर त्यातच संपेल.

त्या हरिपुऱ्यात, तापीकाठच्या त्या मांडवात, चीनबद्दल ठराव झाला. जपानच्या आक्रमणाचा निषेध करणारा आणि लोकांनी जपानी माल घेऊ नये असं सांगणारा. तुम्ही कापडाच्या धंद्यात आहात, तेव्हा या ठरावाचं वजन तुम्हाला माझ्याहून जास्त कळेल. त्या काळी जपानी कापड आणि जपानी कृत्रिम रेशीम हिंदुस्थानच्या बाजारात धो धो येत होतं आणि स्वस्त होतं. स्वस्त माल सोडा, कारण हजारो मैलांवरची माणसं त्या देशाच्या बॉम्बखाली मरत आहेत, असं सुरत जिल्ह्यातल्या एका खेड्यात बसून सांगितलं जात होतं.

पर्वत पाटिया म्हणजे हमरस्त्यावर पर्वत गावाची पाटी लागते ती जागा. तो हमरस्ता सुरत-बारडोलीचा. मार्केटात जायला तुम्ही रोज त्यावरून पश्चिमेकडे वळत असाल. एक दिवस उलटं पूर्वेला वळलात तर कडोदरा, मग बारडोली, मग कडोद आणि हरिपुरा. सोलापूरच्या डॉक्टरचा चीनकडचा रस्ता तिथून फुटला.

कारण त्या उन्हाळ्यात अध्यक्ष या नात्याने सुभाषबाबूंनी देशाला आवाहन केलं. वर्गणी जमली, औषधं आणि रुग्णवाहिका घेतली गेली, आणि पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे अटल हे प्रमुख, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सगळ्यांत लहानांपैकी एक, सोलापूरचे कोटणीस, वय २७. पाचांत दोन महाराष्ट्रातले. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट सुटली. ठरलं होतं वर्षभराचं.

चीनमध्ये पोचल्यावर काही महिन्यांतच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. ते परत फिरले नाहीत. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक चिनी कम्युनिस्टांच्या तळावर, येनानला, पोचलं. मग प्रकृतीमुळे आणि इतर कारणांनी एकेक डॉक्टर परतत गेले. बसू १९४३ पर्यंत राहिले. कोटणीस आणखी पुढे, थेट आघाडीच्या मुलखात गेले. तिथे त्यांच्या आधी कॅनडाचे नॉर्मन बेथ्यून नावाचे शल्यविशारद काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जखम चिघळली आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख म्हणून जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली. रुग्णालय म्हणजे तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर येतं तसं नव्हे. डोंगरातली खेडी, शेतकऱ्यांची घरं, जपानी फौज जवळ आली की सगळा संसार खेचरांवर लादून दुसऱ्या गावी. लढाईचा जोर असताना ते ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया करत राहिले, असं सांगितलं जातं.

भाषा त्यांनी मेहनतीने शिकून घेतली. इतकी की चिनी भाषेत शिकवू लागले. पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडलं होतं. ‘हुआ’ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के दीहुआ’. आजही चीनमध्ये त्यांना याच नावाने ओळखतात.

बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभात, १९४० मध्ये, कोटणीसांची एका परिचारिकेशी ओळख झाली. क्वो चिंगलान. शानशी प्रांतातली, शिकलेली, पुढे वैद्यकीय शाळेत परिचर्या शिकवणारी. १९४१ च्या अखेरीस दोघांनी लग्न केलं. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. बापाने आणि आईने आपापला देश एका पोराच्या नावात घातला.

मूल साडेतीन महिन्यांचं होतं तेव्हा, ९ डिसेंबर १९४२ ला, कोटणीस गेले. अपस्माराच्या झटक्यांनी. वय ३२.

या हकिकतीत मला सगळ्यांत जास्त हलवून जातं ते हे की इथे गोळी नाही. तलवार नाही. शत्रूच्या सैनिकाने त्यांना मारलं नाही. एका दमलेल्या माणसाला झटके येत होते आणि तो तरीही जखमी माणसांच्या अंगातल्या गोळ्या काढत होता, शिकवत होता, आणि एक दिवस त्या झटक्यांतून उठला नाही. फिनलंडच्या त्या बेटावरचं प्रेम जितकं नाट्यमय आहे, तितकं हे साधं आहे. दोन माणसं एकाच ठिकाणी काम करत होती, संध्याकाळी एकमेकांची भाषा दुरुस्त करत असतील, लग्न झालं, मूल झालं.

आणि इथेच सिनेमा आडवा आला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोटणीसांवर पुस्तक लिहिलं. पटकथा अब्बास आणि व. प. साठे यांची, संगीत वसंत देसाईंचं, निर्मिती शांतारामांच्या राजकमल कलामंदिरची. स्वतः शांताराम कोटणीस झाले आणि जयश्री झाल्या चिंग लान. चित्रपट हिंदीत, आणि परदेशासाठी त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली. पडद्यावर अपस्मार फार लहान वाटला असावा. म्हणून चित्रपटातले कोटणीस प्लेगशी लढतात, त्यावर इलाज शोधतात, जपान्यांच्या हाती सापडतात, सुटतात, आणि शेवटी प्लेगनेच जातात. प्रेम खरं होतं, तर मरण रचलेलं घातलं. ‘कॅस्की’च्या अगदी उलट.

मी हा चित्रपट लहानपणी दूरदर्शनवर पाहिला आणि कितीतरी वर्षं मीही समजत होतो की कोटणीस प्लेगने गेले. खरं कळलं तेव्हा वाईट वाटलं, पण मला शांतारामांवर रागावता येत नाही. १९४६ च्या प्रेक्षकाला प्लेग म्हणजे काय ते कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. मागच्या पिढीने पुण्या-मुंबईत घरंच्या घरं रिकामी होताना पाहिली होती. झटक्याने गेलेला डॉक्टर त्यांना दुर्दैवी वाटला असता. प्लेगला हात घालणारा डॉक्टर म्हणजे काय, ते त्यांना पोटातून कळत होतं.

सुरतेत राहणाऱ्याला तर ते आजही कळेल. सप्टेंबर १९९४ मध्ये तुमच्या शहरात प्लेग आला, तेव्हा लाखो माणसं काही दिवसांत शहर सोडून गेली. घरात कोणी मोठी माणसं तेव्हा सुरतेत असतील तर विचारा त्यांना. ताप्ती लाईनच्या गाड्या नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे कशा भरून जात होत्या. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या कशा हातोहात संपत होत्या. अनेक खासगी दवाखान्यांना कुलपं लागली होती आणि सरकारी रुग्णालयातले डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय मात्र खाटांपाशी उभे होते. ती आठवण ज्या घरात आहे, त्या घराने हा चित्रपट पाहिला तर त्यातला रचलेला भागही खोटा वाटणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, पण ‘कॅस्की’त तर दोघं शत्रू होती. कोटणीस आणि चिंगलान तर एकाच बाजूला! बरोबर. मीही इथे अडलो होतो. मग लक्षात आलं की आरो आणि मीना तरी कुठे जन्मतः शत्रू होते? डिसेंबर १९१७ मध्ये दोघं एका नव्या स्वतंत्र देशाची माणसं. जानेवारीच्या अखेरीला मध्ये एक रेघ ओढली गेली आणि एप्रिलमध्ये एकाच्या हातात बंदूक, दुसरीच्या हाताला दोरी. रेघ नंतर आली.

चिंगलानच्या आयुष्यातही ती रेघ नंतरच आली. नवऱ्याच्या मृत्यूला वीस वर्षं होत आली होती तेव्हा, ऑक्टोबर १९६२ मध्ये, भारत आणि चीनचं युद्ध झालं. ज्या देशाच्या सैनिकांसाठी सोलापूरच्या डॉक्टरने जीव दिला, तो देश आता आपला शत्रू होता, आणि ज्या पोराच्या नावात दोन देश एकत्र नांदत होते, ते पोर वीस वर्षांचं तरुण होतं आणि डॉक्टरकी शिकण्याच्या वयाचं होतं. कुठल्या पटकथाकाराने हे लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, फार ओढूनताणून आणलं. १९४६ च्या चित्रपटात हे नाही, असणं शक्यच नव्हतं. माझ्या लेखी मात्र या कथेचं खरं मध्यंतर हेच आहे, आणि त्यानंतरचा भाग अजून कोणी चित्रित केलेला मी पाहिलेला नाही. ऐकतंय का कोणी मराठी दिग्दर्शक?

कारण ती रेघ मुंबईत आणि सोलापुरात कोटणीसांच्या घरच्यांनी मानली नाही, आणि तिकडे चिंगलानबाईंनीही. त्या अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. चीनचे मोठे नेते भारतात आले की मुंबईत कोटणीसांच्या बहिणींची भेट घेत. चीनने १९८२ मध्ये कोटणीसांचं टपाल तिकीट काढलं, भारताने १९९३ मध्ये. सोलापुरात त्यांच्या राहत्या घराचं आता स्मारक झालं आहे. कधी अक्कलकोट-पंढरपूर करायला निघालात तर अर्धा तास तिथे द्या.

तुम्ही आणखी एखादं असं खरं उदाहरण विचाराल, म्हणून एक चटकन सांगतो, लढाईच्या धामधुमीतलं नाही, पण लष्करातलं. विक्रम खानोलकर नावाचे मराठी लष्करी अधिकारी होते. स्वित्झर्लंडमध्ये वाढलेली इव्ह नावाची मुलगी त्यांच्या प्रेमात पडली, १९३२ मध्ये लग्न करून इथलीच झाली, सावित्रीबाई खानोलकर. रणांगणावरच्या शौर्यासाठी दिलं जाणारं आपलं सर्वोच्च पदक, परमवीर चक्र, त्याची आकृती या सावित्रीबाईंनी काढलेली आहे. आणि ते पहिलं पदक ज्यांना मरणोत्तर मिळालं, ते मेजर सोमनाथ शर्मा, सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर. यावरही चित्रपट व्हायला हवा.

तुमच्यासारख्या रात्री जागून परदेशी चित्रपट पाहणाऱ्याला मी क्रम सुचवू का? ‘कॅस्की’ पाहून झालाच आहे. त्याच दिग्दर्शकाने २०१७ मध्ये ‘अज्ञात सैनिक’ या अर्थाच्या नावाचा दुसरा युद्धपट केला. वैनो लिन्ना यांची १९५४ मधली कादंबरी, तिच्यावरचा हा तिसरा चित्रपट. १९५५ मधला पहिला तिथे दर स्वातंत्र्यदिनी टीव्हीवर दाखवतात आणि घरंच्या घरं बसून पाहतात. तो पाहा. त्यानंतर आईंना शेजारी बसवून ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ लावा. इंटरनेटवर मिळतो. चित्र जुनं, आवाज खरखरीत, चिनी माणसं मराठी चेहऱ्यांची. पहिली दहा मिनिटं सोसा. शांतारामांचे कोटणीस सोलापूरच्या घरातून निघतात तो प्रसंग आला की आई काही बोलणार नाहीत.

आणि पाहताना एवढं मनाशी ठेवा की पडद्यावर जी चिंग लान दिसते, तिची खरी गोष्ट १९४६ ला संपली नव्हती. यिनहुआ डॉक्टर व्हायला निघाला होता, पण १९६७ मध्ये, पंचविशी गाठायच्या आतच, तो गेला. क्वो चिंगलान त्यानंतरही ४५ वर्षं जगल्या. २०१२ च्या जूनमध्ये चीनच्या तालियन शहरात त्या गेल्या तेव्हा ९६ वर्षांच्या होत्या. नवऱ्याबरोबरचा त्यांचा सगळा संसार एका वर्षाच्या आसपासचा. त्यावर त्यांनी एक पुस्तक लिहिलं.

मार्केटला सुट्टी असेल त्या दिवशी हरिपुऱ्याला जाऊन या. पाटियावरून बारडोलीकडची गाडी धरा आणि कडोदला उतरून विचारा.